टायफॉईड : ताप उतरतो, जंतू राहतो

पावसाळ्याची पहिली सर पडून पंधरा-वीस दिवस उलटले, की दवाखान्यांच्या बाकांवर तापाचे रुग्ण दाटीवाटीने दिसू लागतात. त्यांतील बहुतेकांचा ताप तीन-चार दिवसांत जातो. काहींचा मात्र जात नाही. तो रोज संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा थोडा अधिक चढतो, डोके ठणकते, अन्नावरची वासना उडते आणि आठवडा संपता संपता घरातील कोणीतरी जाणते माणूस म्हणते, 'हा मुदतीचा ताप दिसतो.'

वैद्यकीय परिभाषेत ज्याला टायफॉईड किंवा आंत्रज्वर म्हणतात, त्याला मराठी घरांत विषमज्वर आणि मुदतीचा ताप ही नावे फार पूर्वीपासून आहेत. प्रतिजैविके हाती नव्हती त्या काळात हा ताप तीन ते चार आठवड्यांची मुदत पुरी केल्याशिवाय हटत नसे. मुदत संपेपर्यंत रुग्ण टिकला तर वाचला, असा तो हिशेब होता. उपचार न झालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण दहा ते तीस टक्के असे. योग्य वेळी योग्य औषध मिळाल्यास ते एक टक्क्याच्या खाली येते. असे असूनही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, २०१९ या वर्षात जगभरात सुमारे ९० लाख लोकांना टायफॉईड झाला आणि १ लाख १० हजार जण त्यात दगावले. या ओझ्याचा मोठा वाटा भारतीय उपखंडाकडे आहे.

रोगाचे कारण ठाऊक आहे, औषधे आहेत, लसही आहे. तरीही हा ताप का जात नाही? उत्तराचा धागा त्याच्या जंतूच्या एका वैशिष्ट्यात सापडतो. 'साल्मोनेला टायफी' या जंतूला माणसाखेरीज दुसरे घर नाही. अन्नातून पसरणारे साल्मोनेला कुळातील इतर अनेक जंतू कोंबड्या, अंडी, गुरेढोरे यांच्यात राहतात. टायफॉईडचा जंतू राहतो तो फक्त माणसात. पाणी, दूध, बर्फ, चटणी ही त्याची वाहने होत. टायफॉईडच्या प्रत्येक रुग्णाच्या पोटात गेलेला जंतू कधी ना कधी दुसऱ्या एखाद्या माणसाच्या विष्ठेतून अथवा मूत्रातून बाहेर पडलेला असतो. हे वाचावयास किळसवाणे असले तरी प्रतिबंधाचा सारा विचार याच वाक्यापासून सुरू होतो.

शरीरातील प्रवास

दूषित अन्नपाण्याबरोबर जंतू प्रथम जठरात येतो. तेथील आम्लात बरेच जंतू मरतात. म्हणूनच पित्तासाठी आम्ल कमी करणारी औषधे सतत घेणाऱ्यांना हा रोग होण्याचा धोका काहीसा अधिक असतो. वाचलेले जंतू लहान आतड्याच्या अखेरच्या भागातील लसिकापेशींच्या पुंजक्यांतून आत शिरतात. शरीराच्या ज्या पेशींनी त्यांना गिळून नष्ट करावयाचे, त्याच पेशींत ते मुक्काम करतात आणि त्यांच्यातूनच यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतात. या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. हा शांत काळ साधारणतः एक ते तीन आठवड्यांचा असतो. 'काल बाहेर पाणीपुरी खाल्ली आणि आज टायफॉईड झाला' असे जे म्हटले जाते ते म्हणूनच बरोबर नव्हे. शोध घ्यावयाचा तर दोन आठवड्यांपूर्वी काय खाल्ले-प्यायले ते आठवावे लागते आणि ते कोणालाच आठवत नाही.

त्यानंतर जंतू मोठ्या संख्येने रक्तात उतरतात आणि ताप सुरू होतो. पहिल्या आठवड्यात तो पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो. डोकेदुखी, थकवा, कोरडा खोकला, जिभेवर पांढरट थर, पोटात दुखणे ही लक्षणे दिसतात. मोठ्यांना पुष्कळदा जुलाबाऐवजी बद्धकोष्ठ होते, लहान मुलांना जुलाब अधिक होतात. दुसऱ्या आठवड्यात ताप वरच स्थिरावतो, रुग्ण ग्लानीत जातो, पोट फुगते. ग्रंथांत वर्णिलेले छातीपोटावरील फिकट गुलाबी ठिपके सावळ्या त्वचेवर बहुधा दिसत नाहीत.

खरा धोका असतो तो दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून पुढे. रक्तातून पित्ताशयात आणि पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात आलेल्या जंतूंमुळे तेथील पुंजके सुजतात, त्यांना व्रण पडतात. एखादा व्रण रक्तवाहिनीपर्यंत गेला तर आतड्यात रक्तस्राव होतो, आरपार गेला तर आतड्याला भोक पडते. अशा वेळी ताप एकाएकी खाली येऊ शकतो. घरच्यांना हायसे वाटते. प्रत्यक्षात रुग्णाला दरदरून घाम सुटलेला असतो, नाडी जलद चाललेली असते, पोट लाकडासारखे टणक झालेले असते किंवा शौचाला डांबरासारखे काळे होते. रुग्ण असंबद्ध बडबडू लागणे हेही याच काळातील धोक्याचे चिन्ह आहे. यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते. आतड्याला पडलेले भोक शस्त्रक्रियेवाचून बरे होत नाही.

पॅराटायफॉईड या नावाचा रोग याच जंतूच्या भावंडांमुळे होतो. लक्षणांवरून तो टायफॉईडपासून वेगळा ओळखता येत नाही आणि उपचारही बहुतांशी तेच आहेत.

'विडाल' नावाचा घोळ

तापाच्या रुग्णाच्या हाती पडणारा प्रयोगशाळेचा कागद बहुधा विडाल चाचणीचा असतो. ही चाचणी फ्रेंच वैद्य फर्नां विडाल यांनी १८९६ मध्ये मांडली. ती स्वस्त आहे, तिचा निकाल लवकर मिळतो, ती लहानशा प्रयोगशाळेतही होते. सव्वाशे वर्षांनंतरही ती टिकून राहण्याचे कारण हेच. मात्र ती जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ती शोधते आणि सगळी गडबड येथेच होते.

ज्या प्रदेशात हा जंतू वर्षानुवर्षे वावरतो, तेथील अनेक धडधाकट माणसांच्या रक्तात ही प्रतिपिंडे थोड्याफार प्रमाणात असतातच. पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेला असेल, त्याच कुळातील दुसऱ्या जंतूंशी संबंध आला असेल, काही लशी घेतल्या असतील, किंवा मलेरियासारखा निराळाच ताप असेल, तरीही विडाल 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. उलट खरोखर टायफॉईड असलेल्या रुग्णात पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसतात, तेव्हा ती 'निगेटिव्ह' येते. शास्त्रानुसार ही चाचणी सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोनदा करावी आणि दुसऱ्या वेळी प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट वाढले असेल तरच तिला अर्थ द्यावा. व्यवहारात दुसरे रक्त कोणी देत नाही. तापाच्या तिसऱ्या दिवशी केलेल्या एकाच चाचणीच्या कागदावर औषधे सुरू होतात आणि डेंगी, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस अथवा साधा विषाणुजन्य ताप 'टायफॉईड' म्हणून नोंदला जातो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लेप्टोचे रुग्ण आढळतात, हे लक्षात घेता ही चूक केवळ कागदावरची राहत नाही.

दुसरा गैरसमज याहून अधिक दृढ आहे. उपचार संपल्यावर 'टायफॉईड गेला का' हे पाहण्यासाठी पुन्हा विडाल करून घेण्याची रीत अनेक घरांत आढळते. प्रतिपिंडे बरे झाल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतात. त्यामुळे कागदावर आकडा येतोच, रुग्ण घाबरतो आणि औषधांची दुसरी फेरी सुरू होते. 'माझा टायफॉईड गेली दोन वर्षे रक्तात आहे' असे सांगणारी माणसे भेटतात. त्यांच्या रक्तात बहुधा जंतू नसतात, जुन्या लढाईच्या खुणा असतात.

खात्रीची वाट आहे ती रक्ताच्या कल्चरची. रुग्णाचे रक्त पोषक द्रवात ठेवून जंतू वाढतो का, हे त्यात पाहिले जाते. ही चाचणीही निर्दोष नाही. खऱ्या रुग्णांपैकी साठ टक्क्यांच्या आसपासच ती पकडते, तिला काही दिवस लागतात आणि खर्चही अधिक येतो. पण तिचे दोन फायदे दुसऱ्या कशात नाहीत. जंतू सापडला तर शंका उरत नाही आणि तो जंतू कोणत्या औषधाने मरतो हेही कळते. अट एवढीच, की रक्त पहिल्या आठवड्यात आणि प्रतिजैविकाची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वी घेतले गेले पाहिजे. औषधविक्रेत्याकडून आणलेल्या दोन गोळ्या आधीच घेतल्या असतील तर कल्चर रिकामे येण्याची शक्यता वाढते. तीन दिवसांहून अधिक टिकलेल्या तापात डॉक्टरांना 'कल्चर करावे का' असे विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे आणि ते विचारण्यात संकोच वाटू नये.

औषधे बोथट कशी झाली?

१९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध टायफॉईडवर लागू पडते असे दिसून आले, तेव्हा मुदतीच्या तापाची मुदतच संपली असे वाटले होते. हा आनंद पाव शतक टिकला. १९७२ मध्ये केरळातील कोझिकोडे येथील साथीत या औषधाला दाद न देणारा जंतू आढळला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल, अॅम्पिसिलिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल या तिन्ही औषधांना न जुमानणारे जंतू देशात पसरले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले. ते इतके सर्रास वापरले गेले, की आज भारतात टायफॉईडसाठी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. सध्या मदार आहे ती सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शने, सेफिक्सिम आणि अॅझिथ्रोमायसिन यांच्यावर.

पुढची पायरी शेजारी देशात दिसून चुकली आहे. पाकिस्तानच्या सिंध प्रांतातील हैदराबाद येथे २०१६ च्या अखेरीस सुरू झालेल्या साथीतील जंतू पाच प्रकारच्या औषधांना पुरून उरला. तोंडाने घेण्याच्या औषधांपैकी अॅझिथ्रोमायसिन तेवढे हाती राहिले आणि गंभीर रुग्णांना अतिशय महागडी इंजेक्शने द्यावी लागली. सेफ्ट्रियाक्सोनला न जुमानणारे जंतू मुंबईतील रुग्णांतही आढळल्याची नोंद शास्त्रीय नियतकालिकांत झालेली आहे. ते अद्याप तुरळक आहेत, एवढाच दिलासा.

या इतिहासात एक आशादायक तळटीपही आहे. वापर कमी झाल्यावर क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या जुन्या औषधांना भारतातील बरेच जंतू पुन्हा दाद देऊ लागल्याचे दिसले आहे. याचा अर्थ ती औषधे घरच्या घरी सुरू करावीत असा नव्हे. क्लोरॅम्फेनिकॉलचा रक्त तयार होण्याच्या क्रियेवर क्वचित परंतु घातक परिणाम होतो. प्रतिजैविकांचा वापर आवरला तर त्यांची धार काही प्रमाणात परत येऊ शकते, एवढाच त्याचा अर्थ. सेफिक्सिमसारखी औषधे २०१४ पासून 'एच-१' या अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत आणि विक्रेत्याला त्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. हा नियम किती दुकानांत पाळला जातो, हे गिऱ्हाइकांनाच अधिक ठाऊक असावे.

रुग्णांच्या बाजूने होणाऱ्या चुका दोन, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिली चूक अधीरतेची. टायफॉईडमध्ये अचूक औषध सुरू झाल्यावरही ताप उतरण्यास चार ते सहा दिवस लागू शकतात. तिसऱ्या दिवशी ताप आहेच म्हणून डॉक्टर बदलला जातो, नवे डॉक्टर नवे औषध देतात आणि कोणत्याच औषधाला पुरेसा अवधी मिळत नाही. दुसरी चूक निश्चिंतपणाची. ताप उतरला, भूक लागली, मुलगा खेळू लागला, की उरलेल्या गोळ्या फडताळात जातात. रक्तातील जंतू मेले तरी पेशींत, अस्थिमज्जेत दडलेले शिल्लक असतात. डॉक्टरांनी सात दिवस सांगितले असोत वा चौदा, तो काळ तापावर ठरलेला नसून या दडलेल्या जंतूंवर ठरलेला असतो. नीट उपचार घेऊनही शंभरांतील पाच ते दहा रुग्णांना दोन-तीन आठवड्यांनी ताप उलटतो. अर्धवट औषध घेणाऱ्यांनी तर ते ओढवूनच घेतलेले असते.

आहाराबाबत जुन्या पिढीने रुग्णांचे फार हाल केले. तापात लंघन घडवावे, मुदत संपेपर्यंत पेजेच्या पाण्यावर ठेवावे, अशी पद्धत होती आणि रुग्ण रोगाइतकाच उपासमारीने खंगत असे. आता मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, वरण, केळे, उकडलेले अंडे, दूध असे पचावयास हलके पण पोट भरणारे अन्न थोडे थोडे व वारंवार द्यावे असेच सांगितले जाते. पाणी व द्रव पदार्थ भरपूर लागतात.

बरा दिसणारा वाहक

ताप गेलेला माणूस रोगातून सुटला तरी जंतूतून सुटला असे नसते. बरे झाल्यानंतर काही आठवडे अनेकांच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडत राहतात. शंभरांतील एक ते पाच जणांच्या पित्ताशयात ते वर्षाहून अधिक काळ, प्रसंगी जन्मभर, वस्ती करून राहतात. स्त्रियांत आणि पित्ताशयात खडे असणाऱ्यांत हे प्रमाण जास्त आहे. अशा व्यक्तीला कसलाच त्रास होत नाही.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे मेरी मॅलन. १८६९ मध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेली ही स्त्री न्यूयॉर्कमधील श्रीमंत घरांत स्वयंपाकीण होती. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे येथे एका बंगल्यातील अकरा जणांपैकी सहा जण टायफॉईडने आजारी पडले. घरमालकाने जॉर्ज सोपर या स्वच्छता अभियंत्याला शोधास लावले. पाणी, दूध, शिंपले सर्व तपासून झाल्यावर त्याचे लक्ष काही आठवड्यांपूर्वी कामाला लागलेल्या आणि नंतर निघून गेलेल्या स्वयंपाकिणीकडे गेले. ती पूर्वी जेथे जेथे राबली त्यांतील बहुतेक घरांत टायफॉईड होऊन गेला होता. शिजवलेल्या अन्नात जंतू मरतात. मग रोग कसा गेला? संशय स्थिरावला तो तिच्या हातच्या, ताजी पीच फळे घातलेल्या आईस्क्रीमवर.

मेरीला हे कधीच पटले नाही. आपण धडधाकट आहोत, मग आपल्यामुळे कोणी कसे आजारी पडेल, हा तिचा प्रश्न त्या काळच्या ज्ञानानुसार गैर नव्हता. १९०७ मध्ये तिला पकडून बेटावरील रुग्णालयात ठेवले गेले. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० मध्ये ती सुटली. पण तिला दुसरे चांगले पैसे देणारे काम येत नव्हते. १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात पंचवीस जणांना टायफॉईड झाला, दोघांचा मृत्यू झाला आणि तेथील मुदपाकखान्यात मेरी निराळ्या नावाने काम करीत असल्याचे उघड झाले. त्यानंतर १९३८ मध्ये मरण येईपर्यंत ती बेटावरच राहिली. कोणत्याही गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालला नव्हता. तिच्यासारखे अनेक वाहक त्या शहरात मोकळे फिरत होते. एका गरीब, एकट्या, परदेशी स्त्रीला मिळालेली ही वागणूक आजही वादाचा विषय आहे.

आज वाहकाला बेटावर पाठविण्याची गरज नाही. विष्ठेच्या तपासणीतून तो ओळखता येतो, जंतू ज्या औषधाला दाद देतो ते औषध दीर्घकाळ देऊन बहुतेकांना जंतुमुक्त करता येते, काहींच्या बाबतीत पित्ताशय काढावे लागते. अडचण आहे ती त्याला शोधण्याची. खानावळी, विद्यार्थ्यांच्या मेस, पोळी-भाजी केंद्रे, उपाहारगृहे येथे अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी आणि त्यांना आंत्रज्वराची लस दिलेली असावी, अशी तरतूद अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांत आहे. परवानाधारक व्यवसायांत तिचा कागद तरी फाइलला लागतो. गल्लीतल्या डबेवालीपर्यंत तो कागदही पोहोचत नाही. तिला दोष देण्याऐवजी, महापालिकेच्या दवाखान्यात तिची तपासणी मोफत कशी होईल हे पाहणे अधिक उपयोगाचे.

पाणी, बर्फ आणि कोथिंबीर

शहरांतून दिवसाचे काही तासच पाणी येते. उरलेल्या वेळी जलवाहिनी रिकामी असते, तिच्यात दाब नसतो. शेजारून गटार वाहत असेल आणि दोन्हींचे सांधे गळके असतील, तर गटारातील पाणी जलवाहिनीत ओढले जाते. जलशुद्धीकरण केंद्रातून उत्तम पाणी निघूनही नळाला घाण येते ती अशी. नळ सुटल्यावर पहिली काही मिनिटे गढूळ वा वासाचे पाणी आले तर ते पिण्यासाठी भरू नये आणि ते रोजच येत असेल तर तक्रार केलीच पाहिजे. त्या गळतीचे पाणी साऱ्या गल्लीच्या पोटात जात असते.

गावात ही जबाबदारी जलसुरक्षकाची. विहिरीत वा टाकीत टीसीएल पावडर टाकली की काम झाले, असे नव्हे. ती ओलसर जागी उघडी राहिली असेल तर तिच्यातील क्लोरिन उडून गेलेला असतो. म्हणून शेवटच्या घरातील नळाच्या पाण्याची 'ओटी' तपासणी करतात. द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरिन शिल्लक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरला पाहिजे. ही तपासणी मिनिटाची आहे आणि ती आपल्यासमोर करून दाखवावी अशी मागणी कोणीही गावकरी करू शकतो.

घरच्या पातळीवर सर्वांत भरवशाचा उपाय उकळण्याचाच. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ती राहू द्यावी. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. कापडाने गाळल्यानेही हा जंतू अडत नाही. उकळलेले पाणी माठात ओतून मग त्यात हात बुडवून पेला भरला, तर सारे श्रम वाया जातात. लांब दांड्याचे ओगराळे अथवा तोटीचा माठ हवा, हे आरोग्यसेविका वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत आणि ते आजही तितकेच खरे आहे.

बर्फाविषयी एक भ्रम असा, की थंडीत जंतू मरतात. टायफॉईडचा जंतू गोठूनही जिवंत राहतो. मासळी थंड ठेवण्यासाठी बनविलेला बर्फ आणि गोळ्यावर, उसाच्या रसात पडणारा बर्फ यांत फरक कळावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ मध्ये अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचे आदेश अन्न व औषध प्रशासनाने काढले होते. रस्त्यावरच्या पदार्थांत गरम वडा किंवा भजी यांच्यापासून फारसा धोका नसतो. धोका असतो तो शेजारच्या पातळ चटणीत, कापून ठेवलेल्या फळांत, पाणीपुरीच्या पाण्यात आणि वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीत. यांतले काहीच शेवटी विस्तवावर गेलेले नसते.

भाजीपाल्याचा संबंध किती खोल असू शकतो, हे चिलीची राजधानी सांतियागोने दाखवून दिले. तेथे शहराच्या सांडपाण्यावर सॅलडच्या भाज्या पिकविल्या जात आणि टायफॉईड कायमचा ठाण मांडून होता. १९९१ मध्ये कॉलऱ्याच्या भीतीने सरकारने अशा शेतीवर बंदी घातली आणि टायफॉईडच्या रुग्णांची संख्या झपाट्याने कोसळली. मुंबईच्या रेल्वेमार्गालगत नाल्याच्या पाण्यावर वाढणारी पालेभाजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या उदाहरणाचे वेगळे स्पष्टीकरण नको. पालेभाजी शिजली की प्रश्न मिटतो. कच्ची खावयाची असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पान पान धुवावे, आणि जे सोलता येते ते सोलून खावे.

नवी मुंबईची सुरुवात

टायफॉईडची लस नवी नाही, १८९६ पासून ती कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. जुन्या लशींचा त्रास अधिक होता. पुढे आलेली 'व्हीआय' लस दोन वर्षांखालील बालकांत चालत नसे आणि तिचा प्रभाव दोन-तीन वर्षांत ओसरे. हैदराबादच्या भारत बायोटेकने तयार केलेल्या संयुग्म लशीने ही उणीव भरून काढली. सहा महिन्यांच्या बालकापासून पुढे ती एकाच इंजेक्शनात देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१७ मध्ये तिला मान्यता दिली. नेपाळ, मलावी व बांगलादेशातील मोठ्या चाचण्यांत तिने सुमारे ८० टक्के अथवा त्याहून अधिक संरक्षण दिले.

जगात सर्वप्रथम सरकारी यंत्रणेमार्फत ही लस मुलांना दिली गेली ती नवी मुंबईत, ही गोष्ट राज्यात फारशी कोणाला माहीत नाही. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाख तेरा हजारांहून अधिक मुलांना पहिल्या टप्प्यात ती टोचली. पुढील वर्षी पाकिस्तानने, २०२२ मध्ये नेपाळने तिचा नियमित लसीकरणात समावेश केला.

भारतात या लशीची निकड किती, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीतून कळते. शहरी केंद्रांत दर लाख मुलांमागे वर्षाला ५७६ ते ११७३ मुलांना कल्चरने सिद्ध झालेला टायफॉईड होत होता. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण केंद्रात हे प्रमाण केवळ ३५ होते. एका केंद्रावरून साऱ्या ग्रामीण महाराष्ट्राचा निष्कर्ष काढता येणार नाही. पण दाटीच्या वस्त्यांना लस आधी मिळाली पाहिजे, एवढे या आकड्यांवरून निश्चित म्हणता येते. बालरोगतज्ज्ञांकडे ती मिळते. आपल्या भागातील सरकारी केंद्रात ती दिली जाते का, हे बाळाच्या नवव्या महिन्यातील लशीच्या वेळी आरोग्यसेविकेला विचारून घ्यावे. लस घेतली तरी पाणी उकळणे सुटत नाही, कारण तिचे कवच पूर्ण नसते आणि पॅराटायफॉईडवर ती चालत नाही.

घरात रुग्ण असताना

टायफॉईडच्या रुग्णाला वेगळ्या खोलीत डांबण्याचे कारण नाही. हा रोग श्वासातून वा शेजारी बसल्याने होत नाही. त्याची विष्ठा व मूत्र शौचालयातच जाईल, बाळाचे लंगोट उघड्या मोरीवर भांड्यांच्या शेजारी धुतले जाणार नाहीत, आणि त्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती प्रत्येक वेळी साबणाने हात धुऊन मगच कणकेला हात लावील, एवढी काळजी पुरे. बहुतेक घरांत रुग्णाचे करणारी आणि स्वयंपाक करणारी बाई एकच असते. म्हणून साबण मोरीवर एक आणि स्वयंपाकघरात दुसरा, अशी सोय पहिल्या दिवशीच करून ठेवावी. रुग्णाने स्वतः काही आठवडे दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये किंवा वाढू नये. ज्यांचा चरितार्थच अन्न शिजविण्यावर आहे, त्यांनी विष्ठेच्या लागोपाठच्या तपासण्यांत जंतू नसल्याची खात्री झाल्यावरच कामावर परतावे. मालकाने तेवढे दिवस पगार कापला नाही, तर ही गोष्ट लपविण्याची वेळ कोणावर येणार नाही.

बरे झाल्यावर महिनाभर तापावर लक्ष असावे. या काळात ताप पुन्हा आला, तर नव्याने विडाल करून घेण्याऐवजी पहिल्या आजाराचे सर्व कागद, कल्चरचा अहवाल आणि घेतलेल्या औषधांची रिकामी पाकिटे घेऊन त्याच डॉक्टरांकडे जावे. कोणते औषध किती दिवस झाले हे पाकिटांवरून लगेच कळते.